आधी पीक तोल, मग बॅग फोड

पत्र:

"ताई नमस्कार. मी लिंकनशायरमधे एका फार्मवर असिस्टंट म्हणून लागलोय. मॅनेजर म्हणाले की विंटर ऑइलसीड रेप या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाचा स्प्रिंगचा खताचा प्लॅन तू कर आणि शुक्रवारी मला दाखव. रेपची दोन शेतं आहेत. खालच्या भारी चिकणमातीच्या शेतात पेरणीच्या आधी शेणखत पडलंय, तिथे पीक एवढं माजलंय की माती दिसत नाही. वरचं शेत हलकं, चुनखडीवरचं, तिथे कबूतरांनी पानं खाऊन खाऊन नुसते दांडे ठेवलेत आणि उरलंय ते पिवळट दिसतंय. कॉलेजमधे शिकवलं होतं म्हणून मी एक-एक चौरस मीटर कापून वजन घेतलं, खाली सरासरी २.४ किलो आलं आणि वर ०.७. माती तपासणीत ९० सेंटिमीटरपर्यंतचं नत्र खाली ३० किलो हेक्टरी आणि वर २५. मॅनेजर म्हणतात दरवर्षी सगळीकडे १७५ टाकतो, अर्धं फेब्रुवारीअखेर अर्धं मार्चअखेर. गंधकाचं लॅब म्हणते ३० किलो, मॅनेजर म्हणतात ७५. कोणाचं ऐकू? आणि वरचं शेत पिवळं पडलंय तर त्याला आत्ताच जास्त मारू का? शेडमधे अमोनियम नायट्रेट ३४.५ टक्केवालं आणि अमोनियम सल्फेट २१ नत्र ६० एसओथ्री, असं दोनच आहे."

उत्तर:

अरे, तू वजन घेतलंस तिथेच अर्धं काम झालंय, बाकीचा अर्धा नुसता हिशोब आहे. एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, या दोन शेतांना एकच आकडा द्यायचा नाही. काहीही झालं तरी नाही. का ते खाली लिहिते, पण आधी तो १७५, ३० आणि ७५ चा घोळ मिटवू, कारण तुझ्या पत्रातलं निम्मं टेन्शन त्या तीन आकड्यांचंच आहे.

मॅनेजर १७५ म्हणतात ते किलो हेक्टरी नसणार, ते युनिट आहेत, एकराला. इंग्लंडमधली जुनी माणसं अजून युनिटमधेच बोलतात, एक युनिट म्हणजे हंड्रेडवेटचा (११२ पौंडांचा) शंभरावा भाग, १.१२ पौंड. किलो हेक्टरीला ०.८ ने गुणलं की युनिट एकरी येतात. म्हणजे त्यांचे १७५ म्हणजे जवळजवळ २२० किलो हेक्टरी झाले. तू १७५ किलो धरून प्लॅन केला असतास तर सगळंच ४५ किलोने खाली गेलं असतं आणि शुक्रवारी दोघं दोन भाषांत भांडत बसला असता, म्हणून प्लॅनच्या पहिल्या ओळीतच लिही की सगळे आकडे किलो हेक्टरी आहेत आणि शेजारी कंसात युनिट दे, त्यांना बरं वाटेल. गंधकाचंही तसंच आहे. लॅब सांगते ते शुद्ध गंधक, आणि बॅगवर छापलेलं असतं ते एसओथ्री, म्हणजे गंधक त्रिऑक्साइडच्या रूपात. गंधकाला २.५ ने गुणलं की एसओथ्री येतं. ३० गुणिले २.५ किती? ७५. दोघंही एकच सांगतायत, फक्त तू गोंधळलास. आणि हा आकडा चांगला आहे, आरबी२०९ मधे, म्हणजे एएचडीबी या ब्रिटिश शेती मंडळाच्या खताच्या गाईडमधे, रेपला ५० ते ८० किलो एसओथ्री सांगितलंय, त्यात ७५ बरोब्बर बसतो.

आता नत्र. रेपचं एक लक्षात ठेव, या पिकाला नत्र हवं असतं ते मुख्यतः हिरवा पसारा उभा करायला, आणि तो पसारा किती हवा याला मर्यादा आहे. फुलोऱ्याच्या वेळी जीएआय, म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर हिरवं अंग आहे तो आकडा, ३.५ च्या आसपास असला की पुरे. जीएआयच्या प्रत्येक एकाला साधारण ५० किलो नत्र हेक्टरी लागतं. म्हणजे ३.५ साठी १७५ किलो पिकाच्या अंगात असायला हवं (हा १७५ वेगळा, युनिटवाला नाही, योगायोग आहे, प्लॅनमधे दोन्ही जवळजवळ लिहू नकोस). आता हे १७५ सगळं बॅगेतूनच यायला पाहिजे असं नाही ना, थोडं पिकाने हिवाळ्याच्या आधीच उचललंय, थोडं मातीत आहे, उरलेलंच आपण द्यायचं.

तुझं वजन इथे कामाला येतं. चौरस मीटरचं ओलं वजन किलोमधे, त्याला ०.८ ने गुण, जीएआय मिळतो. खालच्या शेतात २.४ गुणिले ०.८ म्हणजे १.९२. गुणिले ५०, म्हणजे ९६ किलो नत्र आत्ताच त्या पानांत बसलंय. मातीत ३०. झाले १२६. १७५ मधून १२६ गेले, उरले ४९. आता बॅगेतलं नत्र सगळं पिकाच्या अंगाला लागत नाही, साधारण ६० टक्के लागतं, म्हणून ४९ भागिले ०.६, साधारण ८२ किलो. बास, एवढंच लागतंय पसारा पूर्ण करायला. वरच्या शेतात ०.७ गुणिले ०.८ म्हणजे ०.५६, म्हणजे २८ किलो, अधिक मातीतले २५, झाले ५३. उरले १२२, भागिले ०.६, साधारण २०३ किलो. बघ म्हणजे एकाच फार्मवर, एकाच पिकात, एकाला ८२ आणि दुसऱ्याला २०३. मॅनेजर दोघांना २२० देणार होते.

ताळा करायचा असेल तर आरबी२०९ चा तक्ता उघड, पिकातलं आणि मातीतलं मिळून १२६ म्हणजे एसएनएस इंडेक्स (आधीपासून असलेल्या नत्राची पायरी) ४, त्याला तक्ता ८० किलो सांगतो. ५३ म्हणजे इंडेक्स ०, त्याला २२० सांगतो. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन आकडे इतके जवळ येतात तेव्हा मला तरी भरवसा वाटतो, आणि शुक्रवारी दाखवायला हे तुझं सगळ्यात मजबूत पान आहे.

यात एक भर घालायची असते ती उत्पन्नाची. आतापर्यंतचा हिशोब हेक्टरी साडेतीन टनापर्यंतचा आहे. शेताने याआधी खरंच त्याहून जास्त दिलं असेल तर दर अर्ध्या टनामागे ३० किलो वाढवायचे आणि तेही उशिरा, पिवळ्या कळीला, म्हणजे फुलं उमलायच्या जरा आधी. खालच्या शेताचे जुने रेकॉर्ड काढ, तिथे ४ टन येत असेल तर ८२ अधिक ३० म्हणजे ११२. वरच्या शेताला ही भर नको, कबूतरांनी खाल्लेल्या पिकाकडून साडेचार टनाची आशा धरून खत टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. आणि रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड, वजनकाट्याची पावती, "त्या वर्षी मस्त आलं होतं" नाही.

आता तू म्हणशील खालच्या शेताला २२० दिले तर बिघडतं काय, थोडं जास्त गेलं इतकंच ना. नाही रे, बिघडतं, आणि चांगलंच बिघडतं. पसारा ३.५ च्या बराच पुढे गेला की फुलोरा इतका दाट होतो की पिवळ्या फुलांचा थर उन्हाचा मोठा हिस्सा वरच्यावर परतवतो, खालच्या पानांना आणि नव्या शेंगांना ऊन मिळत नाही, आणि नेमक्या त्याच दोन-तीन आठवड्यांत शेंगेत किती दाणे धरायचे ते ठरत असतं. शेंगा रग्गड दिसतात, आत दाणे कमी. त्यात पीक उंच होऊन लोळतं, लोळलं की कापणीला त्रास, रोग जास्त. शिवाय नत्र वाढलं की तेलाचा टक्का उतरतो, आणि रेपचा भाव ४० टक्के तेलाच्या हिशोबाने ठरतो, वरच्या प्रत्येक टक्क्याला दीड टक्का बोनस असतो, म्हणजे जास्तीच्या खताचे पैसे जातातच आणि बोनसही कमी होतो. आणि त्यात ते शेणखत अजून मातीत आहे, एप्रिलमधे माती गरम झाली की ते स्वतःहून आणखी थोडं नत्र सोडणारच.

म्हणून खालच्या शेताला फेब्रुवारीत नायट्रेटचा एक दाणाही नको. माजलेल्या पिकाला लवकर नत्र दिलं की ते फक्त पानं वाढवतं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात गंधकासाठी अमोनियम सल्फेट १२५ किलो हेक्टरी टाक, त्यातून ७५ एसओथ्री मिळतं आणि सोबत फक्त २६ किलो नत्र जातं, तेवढं चालतं. ११२ धरले तर बाकीचे ८६ थांबवून ठेव, हिरव्या कळीपासून पिवळ्या कळीपर्यंत दे, म्हणजे अमोनियम नायट्रेट साधारण २५० किलो. त्या शेताला वाढरोधक मारायचं का ते तुमच्या अ‍ॅग्रोनॉमिस्टला विचार, एवढ्या पसाऱ्याला विचारायलाच हवं.

वरच्या शेताचं जरा थांबून बघायला लागेल. खत टाकायच्या आधी प्रश्न हा आहे की ते पीक ठेवायचं का. कबूतरांनी पानं खाल्ली तरी मधला कोंब शाबूत असेल तर रेप पुन्हा उठतो, या पिकाची ती ताकद मोठी आहे, कमी झाडं असली तरी फांद्या फोडून जागा भरून काढतं. पण पाच-सहा ठिकाणी दहा-दहा झाडं उपटून दांडा आणि पानांचे देठ उभे चिरून बघ. आत पांढरट अळ्या, डोकं काळं, दिसल्या तर तो फ्ली बीटल नावाचा भुंगेरा आहे, २०१३ ला युरोपात बियाण्यावरच्या निओनिकोटिनॉइड औषधांवर निर्बंध आले तेव्हापासून याने इंग्लंडच्या पूर्व भागात रेपची वाट लावलीय. प्रत्येक झाडात पाच-सहा अळ्या आणि शेंडा आतून पोखरलेला असेल तर २०० किलो नत्र टाकून तो बरा होणार नाही, मग मॅनेजरशी ते शेत मोडून दुसरं पीक घ्यायचं बोलणं खत टाकायच्या आधी व्हायला पाहिजे. हे काम या आठवड्यात कर, शुक्रवारच्या आधी.

दांडे स्वच्छ निघाले तर मग हो, या शेताला लवकर दे. वाढ सुरू झाल्यावर, फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला, जमीन वाफशावर आली की, अमोनियम सल्फेट १२५ किलो आणि त्यासोबत नायट्रेट २०० किलो. मिळून ९५ नत्र आणि ७५ एसओथ्री. उरलेलं १०५ च्या आसपास मार्चअखेर दांडा वर चढायला लागला की, नायट्रेट ३०० किलो. तू विचारलंस आत्ताच जास्त मारू का, तर लवकर हो, जास्त नाही. एवढ्याशा पिकाच्या मुळ्या तरी किती, एकदम २०० दिले तर उचलणार कोण, हलक्या जमिनीत एक मोठा पाऊस आला की खाली निचऱ्यात आणि तिथून ओढ्यात.

आणि पिवळेपणा. पिवळं दिसलं की नत्र कमी, असं झटकन म्हणू नकोस. झाडाजवळ बस आणि बघ पिवळं नेमकं कुठे आहे. खालची जुनी पानं आधी पिवळी, मग जांभळट होऊन गळत असतील तर नत्राची कमतरता, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला पाठवतं. पण शेंड्याची कोवळी पानं फिकट, शिरा हिरव्या आणि शिरांमधली जागा पोपटी-पिवळी, पान वाटीसारखं आत वळलेलं, तर ते गंधक. गंधक झाडात तसं सहज फिरत नाही म्हणून नव्या पानालाच पहिला फटका बसतो. तुझ्या वरच्या शेतात दोन्ही असू शकतं, आणि तिसरं म्हणजे नुसती थंडी आणि ओल, फेब्रुवारीत मुळं गारठलेली असली की सगळंच फिकट दिसतं. खात्री करायची तर वाढ सुरू झाल्यावर पूर्ण उघडलेल्या कोवळ्या पानांचा सँपल पाठव, नत्र आणि गंधकाचं प्रमाण १७ ला १ च्या वर आलं तर गंधक कमी पडतंय. पण रिपोर्टची वाट बघत गंधक थांबवू नको, हलक्या शेताला ते द्यायचंच आहे.

गंधकाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मॅनेजरच्या वयाच्या माणसांना हे पटायला वेळ लागतो, त्यांच्या तरुणपणी गंधक कोणी टाकतच नव्हतं आणि पीक येत होतं. येत होतं कारण ते आभाळातून पडत होतं. लिंकनशायरच्या वाऱ्याच्या बाजूलाच ट्रेंट नदीकाठी कोळशाच्या वीज केंद्रांची रांग होती, कॉटम, वेस्ट बर्टन, रॅटक्लिफ, त्यांच्या धुरातला गंधक पावसासोबत शेतात उतरायचा. मग धूर स्वच्छ करायची यंत्रं बसली, केंद्रं एकेक करून बंद झाली, रॅटक्लिफ-ऑन-सोर हे ब्रिटनमधलं शेवटचं कोळशाचं केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला थांबलं. हवेसाठी फार चांगलं झालं. पण रेपसारखं गंधकखाऊ पीक आता पूर्ण बॅगेवर आलं. आणि गंधक कमी असलं की झाडाला नत्राचं प्रथिन बनवता येत नाही, म्हणजे तू कितीही नायट्रेट टाक, ते अंगी लागत नाही, म्हणून गंधक नेहमी पहिल्या हप्त्यात, शेवटी उरलं तर टाकू असं नाही. एप्रिलअखेर एखाद्या शेतात फुलं पिवळीधमक असायच्या ऐवजी पांढरट दिसली ना, तर समज गंधक चुकलंय, आणि तेव्हा फार काही हातात उरलेलं नसतं.

द्यायचं ते सल्फेट रूपातच. शुद्ध गंधकाची पावडर किंवा गोळी स्वस्त मिळाली तरी स्प्रिंगला उपयोग नाही, मातीतले जिवाणू तिचं सल्फेट करणार मग पीक घेणार, आणि थंड मातीत ते काम फार हळू चालतं. सल्फेट नायट्रेटसारखंच पाण्यासोबत वाहतं, त्यामुळे ते शरद ऋतूत देऊन ठेवण्यातही अर्थ नाही, हलक्या जमिनीत तर नाहीच. आणि ८० च्या फार वर जाऊ नको, गरजेपेक्षा जास्त आणि उशिरा दिलेलं गंधक बियातलं ग्लुकोसिनोलेट हे कडवट द्रव्य वाढवतं, पेंडीला ते नको असतं.

आता टाकताना. स्प्रेडरच्या बाबतीत मी फार कडक आहे. सल्फेटचा आणि नायट्रेटचा दाणा वेगळा, वजन वेगळं, एका सेटिंगवर दोन्ही सारखे उडत नाहीत. तुमचे ट्रॅमलाइन, म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकांच्या ठरलेल्या वाटा, २४ मीटरचे असोत की ३६ चे, दोन्ही खतांची ट्रे टेस्ट (शेतात ट्रे मांडून खत सारखं पडतंय का ते बघणं) वेगवेगळी कर. आणि दोन्ही बॅगा हॉपरमधे एकत्र ओतून काम उरकायचं मनातही आणू नको, लगेच शेतात पट्टे उमटतात, एक पट्टा गडद एक फिकट, जूनपर्यंत सगळ्या गावाला दिसतात. वरच्या शेताचा पहिला हप्ता म्हणजे दोन फेऱ्या, एक सल्फेटची एक नायट्रेटची, डिझेल जाईल थोडं, जाऊ दे. पुढच्या वर्षी नत्र-गंधक एकाच दाण्यात असलेलं खत घ्या म्हणावं, मग एका फेरीत होतं.

ड्रेनच्या पाइपमधून पाणी वाहतंय तोपर्यंत खताची गाडी बाहेर काढू नका. लिंकनशायरचा बराच भाग नायट्रेट व्हल्नरेबल झोनमधे, म्हणजे पाण्यात नायट्रेट उतरू नये म्हणून खतावर कायद्याचे नियम असलेल्या भागात आहे, तुमचं फार्म त्यात आहे का ते मॅनेजरना विचार, असलं तर १५ जानेवारीपर्यंत बंदी होतीच, ती संपली म्हणून लगेच टाकायचं असं नाही. पाणी साचलेल्या, बर्फाने झाकलेल्या किंवा आधीच्या २४ तासात १२ तासांपेक्षा जास्त गोठलेल्या जमिनीवर टाकायला मनाई आहे, आणि ओढ्या-नाल्यापासून २ मीटर सोडायचे. रेपची एनमॅक्स, म्हणजे त्या झोनमधली नत्राची कमाल मर्यादा २५० किलो, फार्मवरच्या सगळ्या रेपची सरासरी धरून, आणि त्यात शेणखतातलं पिकाला मिळणारं नत्र आणि पेरणीच्या वेळचा डोससुद्धा धरावा लागतो. तुझ्या प्लॅनमधे आपण आरामात आत आहोत, पण मॅनेजरच्या २२० मधे शेणखत मिळवलं की खालच्या शेताचा आकडा वर जातो, हे त्यांना शांतपणे कागदावर दाखव, रेकॉर्ड तपासायला कोणी आलं तर सही त्यांची असते.

शुक्रवारी बोलताना "तुमचं चुकतंय" असं काही म्हणू नको, त्यांनी त्या जमिनीवर तुझ्यापेक्षा कितीतरी हिवाळे काढलेत, कुठला कोपरा ओला राहतो आणि कबूतरं कुठल्या झाडीतून येतात हे त्यांनाच माहीत. फक्त दोन्ही शेतांची वजनं आणि हिशोब समोर ठेव आणि सांग की खालच्या शेतात एक ट्रॅमलाइन तुमच्या पद्धतीने २२० देऊया, बाकी माझ्या प्लॅनने, आणि कापणीला दोन्हीचं वेगळं वजन घेऊया. वरच्या शेतात उलट, एक छोटा पट्टा गंधकाशिवाय सोड, त्याला नायट्रेट ७५ किलो जास्त दे म्हणजे नत्र सारखंच राहील आणि फरक दिसला तर तो गंधकाचाच असेल. पट्ट्यांची जागा फोनवर मार्क करून ठेव आणि कम्बाइनवाल्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर तो घाईत दोन्ही एकाच ट्रेलरमधे ओततो. दांडे चिरून अळ्या निघाल्या तर फोटोसकट परत लिही, मग वरच्या शेताचा हिशोब नव्याने करावा लागेल.